रक्तवाहिनीची कल्हई

स्टीलची भांडी घरोघर येण्यापूर्वी स्वयंपाकघरात तांब्या-पितळेची भांडी असत आणि त्यांना आतून कल्हई करावी लागे. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतल्या बाजूस सर्वत्र पसरवी. पाहता पाहता भांडे आतून चांदीसारखे चकाकू लागे. हा थर अगदी पातळ असे. पण तो शाबूत असेपर्यंत त्या भांड्यात ताक, आमटी असे आंबट पदार्थ सुरक्षित राहत. कल्हई उडाली, की तेच पदार्थ कळकत. भांडे तेच, धातू तोच, जाडीही तीच; बिघडलेला असे तो केवळ आतला पातळ थर.

आपल्या शरीरातील प्रत्येक रक्तवाहिनीला आतून असाच एक पातळ थर असतो. हृदयविकाराचा झटका म्हणजे बहुतेक वेळा या थरात अनेक वर्षे चाललेल्या बिघाडाचा शेवटचा अंक होय. मात्र भांड्याची कल्हई आणि ही कल्हई यांत दोन मोठे फरक आहेत. ही कल्हई जिवंत पेशींची असते आणि तिला आपली डागडुजी स्वतः करता येते. ती काय काम करते, कशी बिघडते आणि कशी दुरुस्त होते, हे या लेखात पाहू.

हृदयाला लागणारे रक्त

हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख. एवढे काम करणाऱ्या स्नायूला प्राणवायूचा अखंड पुरवठा हवा. हृदयाचे कप्पे रक्ताने भरलेले असले, तरी त्याच्या जाड भिंतीला ते रक्त थेट वापरता येत नाही. महारोहिणीच्या उगमापाशीच फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून पसरतात आणि त्याच्या स्नायूला रक्त पुरवतात. त्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. उगमाजवळ त्यांचा व्यास अवघा तीन-चार मिलिमीटर असतो.

रोहिणीच्या भिंतीत तीन थर असतात. बाहेरचा थर चिवट तंतूंचा, मधला अनैच्छिक स्नायूंचा आणि सर्वांत आतला अस्तराचा. हे अस्तर म्हणजे फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या चपट्या पेशींचा एकच पदर. रक्ताचा स्पर्श होतो तो फक्त या अस्तरपेशींना.

मधल्या थरातील स्नायू आवळले, की रोहिणी अरुंद होते. सैल पडले, की रुंद होते. या थोड्याशा बदलाचा परिणाम केवढा होतो, हे गणिताने समजते. अरुंद नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा उरतो. उलट त्रिज्या केवळ दहा टक्क्यांनी वाढली, तर प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. रक्तवाहिनी हुबेहूब अशी नळी नसली, तरी हा नियम तिला ढोबळमानाने लागू पडतो. तेव्हा स्नायूंना ‘सैल पडा’ हा हुकूम कोण देते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एका चुकीने उलगडलेले कोडे

१९७८ सालापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांना अस्तर म्हणजे एक निष्क्रिय पडदा वाटत असे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर औषधांचे परिणाम तपासत होते. अ‍ॅसेटिलकोलिन हे द्रव्य घातले, की त्यांच्या प्रयोगातील रोहिणीच्या पट्ट्या आवळत. गंमत अशी, की जिवंत प्राण्याला तेच द्रव्य टोचले, तर रक्तवाहिन्या सैल पडत. ही विसंगती अनेक वर्षे तशीच राहिली होती.

एके दिवशी त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाच्या क्रमात चूक झाली. रोहिणीचा तुकडा आवळण्यासाठी घातलेले पहिले औषध धुऊन काढण्यापूर्वीच अ‍ॅसेटिलकोलिनसारखेच काम करणारे दुसरे औषध घातले गेले, आणि तुकडा आणखी आवळण्याऐवजी सैल पडला! फर्चगॉट यांनी ही चूक म्हणून बाजूला टाकली नाही. शोध घेता त्यांना आढळले, की पूर्वीच्या पद्धतीत रोहिणीच्या पट्ट्या कापताना त्यांची आतली बाजू नकळत घासली जाई आणि अस्तर खरवडून निघे. या खेपेला वापरलेल्या कड्यांत ते शाबूत राहिले होते. त्यांनी मुद्दाम अस्तर घासून पाहिले. रोहिणी सैल पडेनाशी झाली.

पुढचा प्रयोग तर फारच सुबक होता. अस्तर काढलेली एक पट्टी आणि अस्तर असलेली दुसरी पट्टी त्यांनी पुरीच्या दोन पापुद्र्यांप्रमाणे एकमेकींना लावून ठेवली. अ‍ॅसेटिलकोलिन घालताच अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. दोन्ही वेगळ्या केल्या, की हा परिणाम नाहीसा होई. याचा अर्थ उघड होता. अस्तरातून कोणता तरी पदार्थ बाहेर पडून शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होता. १९८० साली हा शोध प्रसिद्ध झाला.

हा पदार्थ काही सेकंदांतच नाहीसा होई, म्हणून त्याची ओळख पटण्यास आणखी सहा-सात वर्षे लागली. १९८६ साली फर्चगॉट आणि लॉस एंजेलिसचे लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की तो नायट्रिक ऑक्साइड हा वायू असावा. १९८७ साली त्याचे पुरावे मिळाले. नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू एवढाच हा रेणू. मोटारींच्या धुरातला एक प्रदूषक म्हणून तो तोवर ठाऊक होता. शरीर स्वतःच असा वायू तयार करून निरोप पाठवण्यासाठी वापरते, ही कल्पना त्या काळी धक्कादायक होती.

स्फोटक आणि औषध

या शोधाने एक जुने कोडेही सुटले. नायट्रोग्लिसरीन हे जहाल स्फोटक. आल्फ्रेड नोबेल यांनी ते मातीत शोषून घेऊन डायनामाइट बनवले. त्याच्या कारखान्यांतील कामगारांना, विशेषतः सुट्टीनंतर कामावर आले की, डोकेदुखी होई. कारण त्याच्या वाफेने डोक्यातील रक्तवाहिन्या फुगत. १८७९ पासून हृदयशूलावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत उठणाऱ्या कळेवर, डॉक्टर हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात देऊ लागले. पण ते गुण का देते, हे सुमारे शंभर वर्षे कोणालाच कळले नव्हते. १९७७ साली फेरिड मुराद यांनी दाखवले, की त्यापासून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. अस्तर जे काम करते, तेच हे औषध बाहेरून करते.

स्वतः नोबेल यांनाही अखेरच्या वर्षांत हृदयशूल होता आणि डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीन घेण्यास सांगितले होते. १८९६ साली त्यांचे निधन झाले. पुढे १९९८ साली त्यांच्याच नावाचे वैद्यकाचे पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना याच वायूवरील संशोधनासाठी मिळाले.

या वायूचे काम कसे चालते? अस्तरपेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. रक्त जोराने वाहू लागले, की अस्तरावर होणाऱ्या त्याच्या घर्षणाने हे विकर अधिक कामाला लागते. वायूचा रेणू लहान असल्याने तो पेशींच्या पटलांतून सहज पार होतो आणि स्नायूपेशीत शिरतो. तेथे तो दुसऱ्या एका विकराला जागे करतो, त्यामुळे पेशीतील कॅल्शियम कमी होते आणि स्नायू सैल पडतो. आपण धावू लागलो, की स्नायूंकडे जाणाऱ्या रोहिण्या रुंदावतात, त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा असतो. शिवाय हाच वायू रक्तातील पेशींना अस्तराला चिकटू देत नाही. कल्हईची चकाकी म्हणतात ती हीच!

कल्हई कशी बिघडते?

नळाच्या पाइपात क्षार साचावेत, तशी रोहिणीत चरबी साचते, असे पुष्कळांना वाटते. हे चित्र अपुरे आहे. चरबी साचते ती अस्तरावर नव्हे, तर अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत.

रक्तात कोलेस्टेरॉल सुटे फिरत नाही. प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांतून त्याची वाहतूक होते. त्यांपैकी एलडीएल या प्रकारचे कण सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरचे जवळजवळ पन्नास हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढे असतात. हे कण फार झाले, की अस्तर ओलांडून खालच्या जागेत अडकतात. जेथे रोहिणीला फाटा फुटतो किंवा वळण येते, तेथे प्रवाह भोवऱ्यासारखा होतो, अस्तराला नेहमीचे घर्षण मिळत नाही आणि नायट्रिक ऑक्साइडही कमी तयार होतो. म्हणून बिघाडाची सुरुवात बहुधा अशाच ठिकाणी होते. सिगारेटचा धूर, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांनी अस्तर सर्वत्रच दुबळे होते. धुरातील तीव्र क्रियाशील रेणू नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावून त्याला नष्टच करतात.

अडकलेल्या कणांचे ऑक्सिडीकरण होते. त्यांच्या उपस्थितीने अस्तरपेशींना धोक्याची सूचना मिळते आणि त्या आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उभी करतात. रक्तातून जाणाऱ्या काही पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात, भिंतीत शिरतात आणि तेथील एलडीएल कण गिळू लागतात. त्यांना थांबणे ठाऊक नसते. गिळून गिळून त्या मेदाच्या थेंबांनी भरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात, म्हणून त्यांना फेसपेशी म्हणतात. अशा पेशी मरतात, त्यांतील मेद साठत जातो, आणि मधल्या थरातील स्नायूपेशी वर सरकून त्यावर चिवट तंतूंचे झाकण विणतात. भिंतीत एक फुगवटा तयार होतो. हे सारे वर्षानुवर्षे, कोणतीही वेदना न होता चालू राहते.

झटका का येतो?

फुगवट्यातील भक्षक पेशी काही विकरे बाहेर टाकतात आणि ती झाकणाचे तंतू हळूहळू विरघळवतात. एखाद्या दिवशी पातळ झालेले झाकण फाटते. आतील पदार्थ आणि भिंतीतले तंतू रक्ताला उघडे पडतात. रक्तातील रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, यांच्या दृष्टीने ही एक जखम असते. बोट कापले असता त्या जे करतात, तेच त्या येथे करतात. झपाट्याने चिकटतात, थ्रॉम्बोक्सेन नावाचे द्रव्य सोडून आणखी सोबतिणींना बोलावतात आणि मग फायब्रिनच्या धाग्यांनी गुठळी पक्की होते. बोटावर जीव वाचवणारी ही क्रिया तीन मिलिमीटरच्या रोहिणीत जीवघेणी ठरते. पुढील स्नायूचे रक्त थांबते आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्याच्या पेशी मरू लागतात. म्हणूनच छातीत दाटून येणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम येणे अशी लक्षणे दिसताच रोग्यास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे.

येथे अ‍ॅस्पिरिन उपयोगी का पडते, हे समजण्यासारखे आहे. इंग्लंडचे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले, की हे औषध एका ठरावीक विकराचे काम रोखते. रक्तबिंबिका त्याच विकराच्या मदतीने थ्रॉम्बोक्सेन बनवतात. अस्तरपेशी मात्र त्या विकरापासून गुठळी रोखणारे प्रोस्टासायक्लिन बनवतात. मग औषधाने दोन्हींचे नुकसान होत नाही का? होते, पण अस्तरपेशीत केंद्रक असते, ती नवे विकर तयार करते. रक्तबिंबिकेत केंद्रकच नसते. एकदा निकामी झालेली रक्तबिंबिका तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, तशीच राहते. त्यामुळे अल्प मात्रेतही पारडे अस्तराच्या बाजूने झुकते. या औषधाने रक्तस्रावाचा धोकाही असतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे.

दुरुस्ती आणि तिच्यातील अडचण

अस्तराची एखादी पेशी गळून पडली, तर शेजारच्या पेशी पसरतात, विभाजन पावतात आणि रिकामी जागा भरून काढतात. चहूकडून येणाऱ्या पेशी एकमेकींना टेकल्या, की त्यांची वाढ आपोआप थांबते. हे रोजचे काम आपल्या नकळत चालते. प्रश्न येतो तो जखम मोठी असेल तेव्हा.

१९७७ साली झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंटझिग यांनी बारीक नळीच्या टोकावरील फुगा हृद्‌रोहिणीत नेऊन फुगवला आणि अरुंद जागा रुंद केली. शस्त्रक्रियेवाचून रोहिणी मोकळी झाली. पण सुमारे एकतृतीयांश रोग्यांत ती काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होई. फुग्याने अस्तर खरवडले जाई. नायट्रिक ऑक्साइडचा लगाम सुटताच खालच्या स्नायूपेशी वाढू लागत. १९८६ पासून रोहिणीत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्यात येऊ लागली. तिने भिंत आत दबणे थांबले, पण जाळीच्या फटींतून स्नायूपेशींची वाढ चालूच राहिली.

यावर उपाय सापडला तो दूरच्या मातीत. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून १९६४ साली कॅनडाच्या एका मोहिमेने मातीचे नमुने आणले होते. त्यांतील एका जीवाणूपासून भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल आणि त्यांचे सहकारी यांनी माँट्रियल येथे एक द्रव्य वेगळे केले. त्या बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्याला रॅपामायसिन म्हणतात. पेशीला ‘वाढ’ असा आदेश देणाऱ्या प्रथिनाला ते अडवते. या औषधाचा लेप दिलेले स्टेंट २००२-०३ पासून सर्रास वापरात आले आणि रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण खूपच घटले.

पण औषधाला चांगली पेशी आणि नको असलेली पेशी यांतील भेद कळत नाही. त्याने स्नायूपेशींबरोबर अस्तरपेशींची वाढही मंदावली. जाळीच्या तारा अधिक काळ उघड्या राहिल्या आणि काही रोग्यांत त्यांवर उशिरा गुठळी झाली. म्हणून स्टेंट बसवलेल्या रोग्याला रक्तबिंबिकांना आवरणारी दोन औषधे काही महिने नेमाने घेण्यास सांगतात. आपल्या घरातील कोणी अशी औषधे घेत असेल, तर बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येईल. आतल्या तारांवर नवी कल्हई चढेपर्यंत तीच पहारा देत असतात. पुढच्या पिढीतील स्टेंटच्या तारा अधिक बारीक आणि लेप अधिक सौम्य करण्यात आले, ते अस्तर लवकर भरून यावे म्हणूनच.

विशीतील रोहिणी

हा सारा विषय आजी-आजोबांचा आहे, असे वाटत असेल, तर एक जुनी पाहणी सांगतो. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ होते. तरीही ७७ टक्के सैनिकांच्या हृद्‌रोहिण्यांत बिघाडाच्या कमी-अधिक खुणा होत्या. आपल्या भागाबद्दल सांगायचे, तर ५२ देशांतील रोग्यांच्या एका अभ्यासातून २००७ साली दिसून आले, की दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचे मध्यक वय सुमारे ५३ वर्षे, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे होते. झटका पन्नाशीत येत असेल, तर त्याची सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयातच शोधावी लागते.

अस्तराची प्रकृती आता सुई न टोचताही पाहता येते. दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून काही मिनिटे रक्त अडवतात आणि मग एकदम सोडतात. रक्ताच्या लोंढ्याने निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि रोहिणी रुंदावते. हे ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजता येते. लंडनमधील डॉक्टरांनी १९९२ साली याच तत्त्वावरील तपासणीने दाखवले, की सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत, तसेच जन्मतःच कोलेस्टेरॉल फार असलेल्या मुलांत रोहिणीचे हे रुंदावणे फारच कमी होते. त्यांना कोणताही त्रास नव्हता, पण कल्हई मात्र उडू लागली होती.

याच गटाचे पुढच्या वर्षीचे निष्कर्ष आशा वाढवणारे आहेत. सिगारेट सोडलेल्या तरुणांची रोहिणी, ओढत राहिलेल्यांच्या मानाने चांगली रुंदावत होती. म्हणजे मार थांबला, की अस्तर सावरू शकते. नियमित पळणे, पोहणे, सायकल चालवणे यांनी रक्ताचे घर्षण वाढून अस्तराचे विकर तल्लख राहते. तंबाखूपासून दूर राहिल्याने तयार झालेला वायू टिकतो. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात राहिले, की अस्तरावरील भार हलका होतो. शरीरातील हा कल्हईवाला आपले काम विनामोबदला करतो. त्याच्या कामात आपण अडथळा आणायचा नाही, एवढेच त्याचे मागणे आहे.